हेडमास्तरांचा पहिला वर्ग

हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलखात 1921 साली एक राष्ट्रीय शाळा निघाली. ती औरंगाबादेत किंवा नांदेडात नव्हे, तर हिप्परगा नावाच्या खेड्यात निघाली. आज हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात येते. लातूरपासून फार लांब नाही. त्या काळी तिथे पोचायचे म्हणजे बैलगाडी नाहीतर पायपीट. देशभर असहकाराचे वारे वाहत होते, सरकारी शाळा सोडण्याचे आवाहन गांधीजींनी केले होते, आणि निजामाच्या राज्यात तर सरकारी शाळेचे माध्यमच उर्दू. घरी मराठी बोलणारे पोर शाळेत भूमिती उर्दूत घोकायचे. खासगी शाळा काढायची तर परवानगीचे लफडे, सभा घ्यायची तरी परवानगी. अशा वेळी एका आडगावात शाळा उभी राहिली आणि टिकली.

मराठवाड्यातल्या मुख्याध्यापकांच्या इतिहासाची सुरुवात कुठून करायची, याला अनेक उत्तरे देता येतील. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा 1917 ची, औरंगाबादचे सरस्वती भुवन तिच्याही आधीचे. पण मास्तरकीची पहिली काही वर्षे माणसाला पुढे कसा कारभारी बनवतात, हे पाहायचे तर हिप्परगाच बरे.

विसाच्या दशकाच्या अखेरीस या शाळेत एक तरुण शिकवायला आला. व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 1903 चा, विजापूर जिल्ह्यातला. शिक्षण सोलापूरला आणि मग पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. मधल्या काळात त्याने कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले होते. जोशी हे स्वतः भारत सेवक समाजात जाण्याआधी आठेक वर्षे शाळामास्तर होते. खेडगीकरांवर ज्या स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा पगडा होता, ते तर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात गणित शिकवत होते आणि तिथून संन्यासाकडे गेले. म्हणजे या तरुणाने ज्यांच्याकडे मान वर करून पाहिले ती माणसेच मुळात खडूची. योगायोग म्हणा, पण हा धागा नजरेआड करण्यासारखा नाही.

हिप्परग्याला खेडगीकर मुख्याध्यापक झाले. तिथे मुख्याध्यापक होणे म्हणजे खोलीबाहेर पाटी लागणे नव्हे. शाळा निवासी वळणाची. मुले जिथे राहत तिथेच मास्तर राहत. पहाटे उठवायचे कुणी, आजारी पोराच्या उशाशी बसायचे कुणी, धान्य संपले तर गावात कुणाच्या दारात उभे राहायचे, हे सगळे मास्तरांच्याच वाट्याचे. पगार नावापुरता. वर्गात इतिहास शिकवणारा माणूस संध्याकाळी त्याच मुलांबरोबर सूत कातायला बसे. शिकवणे आणि चालवणे अशी दोन खाती तिथे वेगळी नव्हतीच.

1932 साली त्यांनी हिप्परग्यातच संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. पण संन्यास घेतला म्हणून शाळा सोडली नाही. भगवी कफनी घातलेला हेडमास्तर हे दृश्य त्या काळीही नवलाचेच असणार. 1935 मध्ये ते बाबासाहेब परांजपे आणि इतर सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. निजामी दप्तरात त्या गावाचे नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाची सूत्रे स्वामीजींनी घेतली. हिप्परगा हे खेडे होते, अंबाजोगाई हे तालुक्याचे ठिकाण, छावणीचे गाव. इथे पालक अधिक बोलके, सरकारची नजर अधिक जवळची, आणि संस्थेच्या पैशाचा प्रश्न रोजचा.

या साऱ्यातून काय साठले, ते पुढच्या तीन वर्षांत दिसले. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, 1938 मध्ये दुसरे लातूरला. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. शाळा सोडून बाहेर पडलेले स्वामीजी त्यात होते. चळवळीचा इतिहास लिहिणारे इथून पुढे तुरुंग, वाटाघाटी, सरहद्दीवरची शिबिरे यांकडे वळतात. ते योग्यच आहे. पण चळवळीला जे कार्यकर्ते लाभले, त्यांत हिप्परगा आणि अंबाजोगाईची किती मुले होती, हे पाहिले की ध्यानात येते: स्वामीजींची संघटना बांधण्याची रीत ही वसतिगृहाचीच रीत होती. प्रत्येकाला नावाने ओळखणे, ज्याला जे झेपेल ते काम देणे, कमी सामानात भागवणे, आणि स्वतः त्याच पंगतीला बसणे. राजकारणात ही रीत नेहमीच चालत नाही. पुढे स्टेट काँग्रेसमध्ये जे गट पडले आणि स्वामीजींना जो मनस्ताप झाला, त्याचे एक कारण हेही असावे की, ते शेवटपर्यंत थोडे हेडमास्तरच राहिले. राजकारणातल्या मंडळींना हेडमास्तर फार काळ मानवत नाही.

असाच दुसरा माणूस औरंगाबादेत होता. गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याहून गणित शिकून आले, सरकारी शाळेत काही काळ शिक्षक झाले आणि नोकरी सोडून चळवळीत पडले. उतारवयात ते सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचा कारभार पाहत. मराठवाड्यातल्या शिक्षणसंस्थांच्या जुन्या पिढीत असा प्रवास पुन्हा पुन्हा आढळतो: आधी वर्ग, मग चळवळ, आणि शेवटी पुन्हा शाळेची कचेरी.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली तेव्हा शाळांची स्थिती काय होती? 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात साक्षर माणसे शंभरात दहाहून कमी भरली. माध्यम बदलायचे होते. उर्दूत शिकलेल्या मास्तरांनी आता मराठीत शिकवायचे होते. 'जबर व मुकाबला' म्हणून ज्यांनी बीजगणित शिकले, त्यांनी फळ्यावर 'समीकरण' लिहायचे. पाठ्यपुस्तके अपुरी, इमारती भाड्याच्या नाहीतर देवळाच्या. नव्या शाळा भराभर निघत होत्या आणि शिकलेली माणसे मोजकी. त्यामुळे कालचा शिक्षक आज मुख्याध्यापक होई. अनुभव दोन वर्षांचा असो की चारचा, गावात दुसरा कोण होता?

नांदेडला 1950 साली नांदेड एज्युकेशन सोसायटीने पीपल्स कॉलेज सुरू केले. संस्थापक स्वामी रामानंद तीर्थ. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज निघाले, ज्याचे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. दोन्हीकडे 'पीपल्स' हा शब्द असल्याने बाहेरच्यांचा आजही गोंधळ उडतो. संस्था वेगळ्या, पण त्या वर्षाची निकड एकच होती. मराठवाडा विद्यापीठ यायला अजून आठ वर्षे अवकाश होता. नांदेडची पोरे तोवर उस्मानिया विद्यापीठाच्या परीक्षा देत.

शाळामास्तरांनी कॉलेज उभारण्याची ही गोष्ट मराठवाड्याने शोधून काढली असे मात्र नाही. पुण्यात त्याच्या सत्तर वर्षे आधी हेच घडले होते. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1885 मध्ये त्यातूनच फर्ग्युसन कॉलेज. शाळेचे सुपरिंटेंडेंट वामन शिवराम आपटे हेच कॉलेजचे पहिले प्राचार्य, आणि त्यांच्यानंतर आगरकर. कोशकार म्हणून आपट्यांचे नाव अजून घेतले जाते. ते मुळात शाळेतले संस्कृतचे मास्तर होते, हे विसरले जाते.

आता नांदेडची खरी गोष्ट.

1955 च्या सुमारास प्रतिभा निकेतन या नांदेडच्या शाळेत एक तेवीस वर्षांचा शिक्षक लागला. नरहर अंबादास कुरुंदकर. मूळ गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा, जन्म 15 जुलै 1932 चा. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादला मराठीचे प्राध्यापक. त्यांच्याकडे राहून भाच्याने कॉलेज केले. 'केले' म्हणजे काय, तर इंटरच्या परीक्षेत तो पुन्हा पुन्हा नापास झाला. वाचन अफाट, ग्रंथालयात मुक्काम, आणि निकाल लागला की नापास. शाळकरी वयात मुक्तिसंग्रामाची धग अनुभवलेला आणि राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढलेला हा मुलगा परीक्षेच्या चौकटीत काही बसेना.

अशा माणसाला शाळेने नोकरी दिली. आज संचमान्यता, पात्रता परीक्षा, पवित्र पोर्टल यांच्या चाळणीतून असा उमेदवार पहिल्याच फेरीत गळला असता. त्या काळी नांदेडात मनुष्यबळाची टंचाई होती, आणि टंचाईचा एक फायदा असा की माणसे कागदापेक्षा माणूस पाहतात. स्वतःची पदवी व्हायच्या आधी कुरुंदकर बी.ए., एम.ए.च्या मुलांना शिकवत, असे नांदेडात मोठ्या कौतुकाने सांगतात. संध्याकाळी घरी नाहीतर रस्त्याच्या कडेला मंडळी जमायची आणि भरताच्या नाट्यशास्त्रापासून पंचवार्षिक योजनेपर्यंत कशावरही बोलणे चालायचे.

पण दिवसा समोर होती ती आठवी-नववीची पोरे. ही पोरे कुणाचीही विद्वत्ता मानत नाहीत. त्यांना कळले नाही तर ती खिडकीबाहेर बघतात. तिथे संदर्भग्रंथांची नावे सांगून भागत नाही. शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, मग त्या अर्थाला धरून पुढची पायरी, मग उदाहरण, मग मुलाच्या तोंडची शंका आपणच काढून तिचे उत्तर. कुरुंदकरांचे कोणतेही पुस्तक उघडा. 'जागर' घ्या, 'मनुस्मृती' घ्या, रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला जोडलेली ती दीर्घ, पत्ररूप प्रस्तावना घ्या. मांडणी हीच आहे. आधी समजुती सांगायच्या, त्या कशा तयार झाल्या ते दाखवायचे, विरोधकाचा मुद्दा त्याने स्वतः मांडला असता त्याहून नेटका मांडायचा आणि मग एकेक धागा उसवायचा. मराठी समीक्षकांनी या शैलीला तर्ककठोर म्हटले आहे. तिचा उगम वादसभेत शोधण्यापेक्षा प्रतिभा निकेतनच्या वर्गात शोधावा असे वाटते. वादसभेत समोरच्याला हरवायचे असते. शाळेच्या तासाला समोरच्याला सोबत न्यायचे असते, नाहीतर तास फुकट.

पुढे त्यांनी राहिलेल्या पदव्या पुऱ्या केल्या. 1963 मध्ये रिचर्ड्सच्या कलामीमांसेवरचे पुस्तक आले, एम.ए. झाले, आणि पीपल्स कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक म्हणून गेले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. गोदावरीकाठच्या त्या गावात इंटर नापास मुलगा प्राचार्याच्या खुर्चीत बसला, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कारासारखी वाटते. पण मधली शाळेची आठ वर्षे मोजली की चमत्कार उरत नाही.

प्राचार्य म्हणून कुरुंदकर कसे होते? फायली, अनुदान, हजेरीपट यांत रमणारा हा माणूस नव्हता, हे त्यांच्याविषयीचे लेख वाचताना कळते. त्यांच्या दौऱ्यांची आणि व्याख्यानांची यादी पाहिली की प्रशासक म्हणून त्यांना वेळ कधी मिळत असेल, असाही प्रश्न पडतो. ही उणीव आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. चांगला शिक्षक चांगला कारभारी होतोच असे नाही. कित्येकदा त्याला कारभाराचा कंटाळाच असतो. पण नापास मुलाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र इतर प्राचार्यांहून वेगळी असणार, हे सांगायला पुरावा लागत नाही. ज्याने स्वतः गुणपत्रिका हातात घेऊन घरी जाण्याची वाट किती लांब असते ते अनुभवले, त्याच्यासमोर एखादा विद्यार्थी खाली मान घालून उभा राहिला की त्याला वेगळे काहीतरी दिसते. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

कुरुंदकर गेले त्याच वर्षी, 16 ऑगस्टला, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. आणि त्याच सुमाराला खासगी शाळांतल्या मुख्याध्यापकांच्या नेमणुकीचा सारा मामला नव्या नियमांच्या कचाट्यात आला होता.

1977 चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली, ही कुठल्याही संस्थाचालकाच्या टेबलावर आजही सापडेल. शिक्षकांच्या बोलीत तिचे नाव 'एमईपीएस'. तिच्या आधी संस्थाचालकाची मर्जी हाच नियम. मेहुणा, भाचा, जातभाई, निवडणुकीत राबलेला कार्यकर्ता, यांपैकी कुणीही एका रात्रीत हेडमास्तर होऊ शके, आणि वीस वर्षे खडू झिजवलेला माणूस त्याच्या हाताखाली राही. नव्या नियमांनी त्याला चाप लावला. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायचे तर पदवी हवी, बी.एड. हवे, पदवीनंतर किमान पाच वर्षे पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव हवा, आणि त्यातली किमान दोन वर्षे बी.एड. झाल्यानंतरची हवीत. पात्र शिक्षकांत जो सेवाज्येष्ठ त्याचा हक्क पहिला.

म्हणजे शिकवण्याचा अनुभव ही मुख्याध्यापकपदाची कायदेशीर अट झाली. हिप्परग्यात जे परिस्थितीने घडत होते, ते आता नियमाने घडू लागले. संरक्षण म्हणून हा नियम मोलाचा आहे, त्यावर वाद नको. पण नियमाला वर्षे मोजता येतात. त्या वर्षांत काय झाले ते त्याला कळत नाही. पाच वर्षे पाच नव्या वर्गांना पाच तऱ्हांनी शिकवणारा आणि एकाच वर्षाची टिपणे पाचदा वाचून दाखवणारा, दोघे ज्येष्ठतायादीत एकाच रांगेत. त्यातून सेवाज्येष्ठतेचे खटले सुरू झाले. नांदेड-लातूरच्या शाळांतली कितीतरी मुख्याध्यापकपदे शाळा न्यायाधिकरण आणि औरंगाबाद खंडपीठ यांच्या वाटेवर अडकली. निकाल लागेपर्यंत 'प्रभारी' हा शब्द सहीखाली येत राही. काही जण प्रभारी म्हणूनच निवृत्त झाले.

इतर देशांनी वेगळे मार्ग धरले. इंग्लंडने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुख्याध्यापक होऊ पाहणाऱ्यांसाठी खास राष्ट्रीय पात्रता काढली, काही वर्षे ती सक्तीची केली आणि 2012 मध्ये सक्ती काढून टाकली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेत शालेय नेतृत्वाचे केंद्र 2012 मध्येच निघाले, म्हणजे एमईपीएस नियमावलीनंतर एकतीस वर्षांनी. तोवर आपला हेडमास्तर खुर्चीत बसण्याआधी जे काही शिकला, ते वर्गात आणि आपल्या आधीच्या हेडमास्तरांच्या वागण्यातून. ते वागणे चांगले असेल तर नशीब.

लातूरची गोष्ट या सगळ्याहून निराळ्या चालीची.

राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 साली लातुरात सुरू झाले. पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे अध्यापक, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारे. पुढे 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिले कुलगुरू तेच. नंतर लातूरचे नगराध्यक्ष आणि राज्यसभेचे सदस्यही. शाळामास्तराच्या नावाचे विद्यापीठ आणि त्याचा पहिला कुलगुरू वर्गातून आलेला, हा मेळ चांगला जमला होता.

ऐंशीच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे येऊ लागली. आधी एखाददुसरे, मग दरवर्षी, मग इतकी की पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे चौकशी करू लागली. 'लातूर पॅटर्न' हे नाव तेव्हापासून रुळले. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे नाव या पॅटर्नशी कायमचे जोडले गेले.

त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम वर्ष संपण्याच्या बऱ्याच आधी संपवायचा. उरलेल्या काळात सराव परीक्षा, एकामागून एक, खऱ्या परीक्षेच्या वेळेत आणि शिस्तीत. उत्तरपत्रिका वेळेवर तपासून परत द्यायच्या, चूक कुठे झाली ते मुलासमोर बसून दाखवायचे. एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून प्रश्न काढायचे. सुट्टीतही तास. यात अवघड होते ते मुलांकडून करून घेणे नव्हे, शिक्षकांकडून करून घेणे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासणे हे शिक्षकी पेशातले सर्वात कंटाळवाणे काम. तो गठ्ठा किती वेळात होतो, कुठल्या प्रश्नाला हात आखडतो, कुठे तपासणारा नुसतीच टिक मारून पुढे जातो, हे ज्याने स्वतः शेकडो गठ्ठे उपसले त्यालाच ठाऊक. अशा प्राचार्याला 'सर, वेळ नाही मिळाला' ही सबब सांगता येत नाही. लातूर पॅटर्नचे जे काही गुपित असेल, ते या सबब न चालण्यात होते.

टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. मुले पाठांतराच्या घाण्याला जुंपली गेली, विषयाची गोडी मागे पडली आणि गुण पुढे आले. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षा आल्यावर पॅटर्न कॉलेजातून निसटून शिकवणी वर्गांत गेला. आज लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडातही गल्लोगल्ली अभ्यासिका, मेस, वसतिगृहे. तिथले यशस्वी शिक्षक प्राचार्य होत नाहीत. ते संचालक होतात. शिकवण्यातून कारभाराकडे जाणारी ही नवी वाट आहे, आणि तिला एमईपीएसचा कुठलाच नियम लागू नाही. कुरुंदकर ज्या मुलांना संध्याकाळी फुकट शिकवत बसत, तशा मुलांची संध्याकाळ आता तासाच्या फीने मोजली जाते. काळ बदलला, एवढे म्हणून सोडून द्यावे की आणखी काही म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या साऱ्या कहाणीत बायकांची नावे जवळजवळ आलीच नाहीत. मुलींच्या शाळा होत्या, बाई होत्या, पण संस्थांच्या स्मरणिकांत त्यांना 'आदरणीय बाई' यापलीकडे जागा क्वचितच मिळाली. वर्षानुवर्षे पहिलीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना मुख्याध्यापकपदाची संधी निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना मिळे, आणि त्यातले पहिले वर्ष कपाटाच्या किल्ल्या ताब्यात घेण्यात जाई.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा मामला वेगळा. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. नांदेड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर नव्या गुरुजींची पहिली नेमणूक कुठे होते त्यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य ठरते, हे लक्षात येईल. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्या. घरात गोंडी, कोलामी, गोरमाटी, शाळेत मराठी. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. लातूरच्या उदगीर, देवणी, निलंगा भागात कन्नड. लातूर शहरात वाढलेला तरुण तांड्यावर पहिलीच्या वर्गासमोर उभा राहतो आणि 'पुस्तक उघडा' म्हणतो; पोरे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. पहिल्या सहा महिन्यांत तो त्यांची भाषा थोडी शिकतो, नाहीतर बदलीसाठी अर्ज करतो. दोन्ही प्रकारचे लोक पुढे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी होतात. शाळा तपासणीला आल्यावर कोणता साहेब कुठल्या प्रकारचा, हे गुरुजी पाच मिनिटांत ओळखतात. पहिला साहेब आधी मुलांशी बोलतो. दुसरा आधी शेरेबुक मागतो.

2000 सालापासून शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर. प्राथमिकला सुरुवातीला महिना तीन हजार. वेतनश्रेणी नंतर. ज्या वर्षांत शिक्षकाची सारी जडणघडण व्हायची, तीच वर्षे त्याने उसनवारी आणि किराणा दुकानाची उधारी यांत काढावी, अशी ही व्यवस्था. मानधन पुढे वाढले, तोवर एक पिढी त्यातून गेली होती. त्या पिढीतले लोक आज पंचेचाळिशीच्या आसपास आहेत, आणि ज्येष्ठतायादीत त्यांची नावे मुख्याध्यापकपदाच्या जवळ येऊ लागली आहेत.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून जास्त मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक ठरवला. किनवटच्या पाड्यावर दीडशे मुले कुठून आणायची? म्हणून तिथली शाळा द्विशिक्षकी. दोघांपैकी जो सेवाज्येष्ठ तो प्रभारी. दुसरा कधीकधी नेमणुकीला वर्षही न झालेला. प्रभारी गुरुजी पंचायत समितीच्या बैठकीला तालुक्याला गेले की त्या दिवशी शाळा या दुसऱ्याची. दोन खोल्या, चार वर्ग. पहिली-दुसरीला गोष्ट सांगायची, तिसरी-चौथीला गणित घालायचे, मधल्या वेळेत तांदूळ मोजून द्यायचे, स्वयंपाकी मावशींचा गॅस संपला तर सरपंचांना फोन करायचा, आणि हजेरी ऑनलाइन भरायची. मोबाइलला रेंज नसली तर त्यासाठी टेकाडावर चढायचे. खाली पोरे फळ्यावरचे गणित सोडवत असतात आणि त्यांतला एखादा चौथीतला, आवाज दांडगा असलेला, सरांच्या जागी उभा राहून बाकीच्यांना गप्प बसवत असतो.